अश्मयुगाचा आहार आणि भोपाळचे ताट

घरी पथ्य पाळणे आणि परगावी पथ्य पाळणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. घरी भांडे आपले, तेल आपले आणि स्वयंपाक करणारे माणूसही आपले असते. परगावी भूक तेवढी आपली. कढई मात्र दुसऱ्याची असते. मधुमेहाचा रोगी असो, वजन उतरवू पाहणारा असो, वा केवळ हौसेने एखादा नवा आहारनियम स्वीकारलेला असो; त्याचा निश्चय टिकतो की मोडतो, हे बहुधा प्रवासातच ठरते. गेल्या वीसपंचवीस वर्षांत ‘पेलिओ आहार’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या पद्धतीच्या बाबतीत तर ही अडचण विशेष जाणवते. कारण धान्य आणि डाळ या ज्या दोन गोष्टींवाचून भारतातील खाणावळीत जेवण होतच नाही, त्याच या आहारात वर्ज्य मानल्या आहेत. असा नियम पाळणाऱ्या प्रवाशाने भोपाळसारख्या शहरात चार दिवस काढताना काय खावे, काय टाळावे आणि मुख्य म्हणजे हा नियम कितपत ताणावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम हा आहार म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. माणूस दगडाची ओबडधोबड हत्यारे वापरीत होता, पण शेती त्याला ठाऊक नव्हती, अशा अतिदीर्घ कालखंडाला पुराश्मयुग म्हणतात. त्याच्या ‘पेलिओलिथिक’ या इंग्रजी नावावरून ‘पेलिओ’ हे संक्षिप्त रूप आले. या आहाराच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस लाखो वर्षे शिकार, मासे, अंडी, फळे, पाला आणि कंदमुळे यांवर जगला. शेतीचे वय मात्र जेमतेम दहाबारा हजार वर्षांचे. एवढ्या अल्प अवधीत माणसाचे शरीर नव्या अन्नाला सरावले नाही, आणि म्हणूनच स्थूलता, मधुमेह, हृदयविकार हे रोग मागे लागले. यास्तव गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका ही धान्ये, सर्व डाळी व कडधान्ये, दूध आणि दुधाचे पदार्थ, साखर, कारखान्यात शुद्ध केलेली बियांची तेले आणि डबाबंद खाद्ये हे सारे त्यांनी वगळले आहे. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, रताळ्यासारखे कंद, बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळे आणि नारळ एवढे ग्राह्य ठरते. भुईमुगाचा दाणा शेंगेत येतो, सबब तो कडधान्याच्या गोत्रातला. म्हणून तोही वर्ज्य. बटाट्याविषयी या पंथात मतभेद आहेत, तुपाविषयीही आहेत.

कल्पना दिसते तितकी जुनी नाही. वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने १९७५ साली अश्मयुगीन आहारावर एक पुस्तक लिहिले. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पुराश्मयुगीन पोषणाची चर्चा केली, तेव्हा या विचाराला शास्त्रीय जगात स्थान मिळाले. पुढे २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकामुळे ‘पेलिओ’ हे नाव घरोघर पोहोचले. म्हणजे नाव लाखो वर्षांपूर्वीचे असले, तरी आहाराचे हे नियम पन्नास वर्षांच्या आतबाहेरचेच आहेत.

मराठी माणसाला मात्र धान्यावाचून दिवस काढणे अगदीच अपरिचित नाही. एकादशीला वा महाशिवरात्रीला ज्या घरात उपवास असतो, तेथे भात-पोळी आणि वरण बाजूला राहते. रताळी, सुरण, शिंगाडा, नारळ, खजूर, केळी यांची वर्णी लागते. वनात कंदमुळांवर राहणाऱ्या ऋषिमुनींच्या कथा तर लहानपणापासून कानांवर पडलेल्या असतात. परंतु उपवास आणि पेलिओ यांत घोटाळा होता कामा नये. उपवासाचे दाणे, ताक, दूध आणि भगर पेलिओत चालत नाहीत. साबुदाणा कंदापासून निघतो खरा, पण तो कारखान्यात काढलेला निव्वळ पिष्टाचा गोळा असल्यामुळे काटेकोर पेलिओवादी त्याला शिवत नाही. उलट पेलिओला प्रिय असलेले मांस आणि अंडी उपवासाला निषिद्ध. तरीही उपवासाच्या सवयीचा एक लाभ असतो : पानात धान्य नसले म्हणजे माणूस उपाशी राहिला, असे तो मानीत नाही.

आता भोपाळकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर असल्यामुळे अनेक मराठी नोकरदार कुटुंबे त्या वेळी कचेऱ्यांबरोबर भोपाळास गेली. पुढे तेथील विजेच्या अवजड यंत्रांच्या कारखान्यानेही देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आणली. त्यामुळे आजही महाराष्ट्रातील पुष्कळ घरांचा कोणी ना कोणी आप्त भोपाळात असतो. रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडे, गोविंदपुरा औद्योगिक वसाहत आणि रायसेन रस्ता यांच्या सान्निध्यात असलेले अशोका गार्डन ही दाट वस्ती आहे. नावात बाग असली तरी ती प्रामुख्याने नोकरदारांची आणि छोट्या व्यापाऱ्यांची रहिवासी वसाहत होय. तिचा ऐंशी फुटी रस्ता दुकाने आणि खाद्यपदार्थांच्या हातगाड्या यांनी गजबजलेला असतो. भोपाळचे मुख्य रेल्वेस्थानकही येथून दूर नाही. तेव्हा पाहुणा म्हणून वा कामासाठी आलेल्या प्रवाशाचा मुक्काम अशा वस्तीत पडणे स्वाभाविक आहे, आणि त्याच्या आहारनियमाची परीक्षा येथूनच सुरू होते.

सकाळचीच गोष्ट घ्या. भोपाळची, किंबहुना अवघ्या माळव्याची न्याहारी म्हणजे पोहे आणि जिलेबी. पोहे तांदळाचे, त्यांवर बेसनाची शेव. जिलेबी मैद्याची, पाकात बुडालेली. कचोरी आणि समोसा मैद्याचेच. चहात दूध आणि साखर. जुन्या शहरातील प्रसिद्ध चहात चिमूटभर मीठ पडते, पण दूध त्यातही असतेच. म्हणजे पेलिओ प्रवाशासाठी जवळजवळ सारे दरवाजे बंद. तरीही मार्ग आहे. अंड्यांच्या गाडीवर उकडलेली अंडी वा कांदा-मिरची घातलेले आम्लेट मिळते. पाव तेवढा परत करावा. फळवाल्याकडून पेरू, पपई, केळी घ्यावी. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा मागितला तर चहावाला क्षणभर आश्चर्य करील, पण देईल. दोन अंडी, एक पेरू आणि सोबत आणलेले मूठभर बदाम एवढ्यावर दुपारपर्यंत सहज निभावते. हा सोबत आणलेल्या बदामांचा पुडा सर्वांत महत्त्वाचा. कारण प्रवासात नियम मोडतो तो मोहाने कमी आणि भुकेने अधिक.

दुपारच्या थाळीत पाच-सहा वाट्या असतात. त्यांतील डाळ, पनीर, छोले, राजमा, कढी आणि भात वगळले की उरते काय? एखादी सुकी भाजी, कोशिंबीर आणि लिंबू. माळव्याचे डाळ-बाफले तर गव्हाचे आणि डाळीचेच. मक्याचा कीस चवीला उत्तम. परंतु मका हे धान्य आणि त्यात दूध. अशा वेळी पूर्ण थाळी मागवून अर्धी टाकण्यापेक्षा सुटे पदार्थ मागवावेत. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, भेंडी, पालक, दुधी, फ्लॉवर, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आणि एखादा अंड्याचा वा मांसाचा पदार्थ असे जेवण जुळविता येते. पोळी नको म्हटल्यावर भाजीचे प्रमाण दुप्पट घ्यावे लागते, हे विसरू नये. आपली भाजी ही पोळीबरोबर खाण्यासाठी बेतलेली असते. तिचे तिखटमीठ नुसती खाताना जास्त लागते. म्हणून मसाला बेताचा घालण्याची सूचना आधीच द्यावी.

मात्र पदार्थाच्या नावावरून त्याची पारख होत नाही. त्याच्या पोटात काय दडले आहे ते विचारावे लागते. पहिली गोष्ट तेलाची. मध्य प्रदेश हा सोयाबीनच्या पिकासाठी ख्यातनाम प्रांत आहे आणि तेथील अनेक स्वयंपाकघरांत शुद्ध केलेले सोयाबीनचे तेल वापरतात. सोयाबीन हे कडधान्य, तेव्हा काटेकोर नियमाने ते दोनदा वर्ज्य ठरते. दुसरी गोष्ट रस्सा दाट करण्याची. कोणी काजू वा मगज वाटून घालतो, ते चालते. कोणी बेसन, मैदा वा मक्याचे पीठ लावतो, ते चालत नाही. तिसरी गोष्ट हिंगाची. बाजारचा बांधणीचा हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात वा मैद्यात मिसळलेला असतो. ज्याला गव्हाची खरोखरच बाधा होते, त्या रोग्याने हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. इतरांनी चिमूटभर हिंगासाठी डोके फोडून घेण्याचे कारण नाही. “इसमें बेसन या मैदा पड़ता है क्या?”, “दही या मलाई है क्या?”, “तेल कौन-सा है?” हे तीन प्रश्न नम्रपणे विचारले, तर स्वयंपाक्याकडून बहुधा नीट उत्तर मिळते. ‘पेलिओ’ हा शब्द उच्चारून मात्र काहीच साधत नाही. वाढप्याला सिद्धान्त सांगू नये, जिन्नस सांगावेत.

रात्रीच्या जेवणासाठी रेल्वेमार्ग ओलांडून जुन्या शहरात गेले, की मांसाहारी प्रवाशाला दिलासा मिळतो. भोपाळवर १८१९ पासून १९२६ पर्यंत एकामागून एक अशा चार बेगमांनी राज्य केले. त्या नबाबी अमदानीत रुजलेली मांस शिजविण्याची परंपरा चटोरी गल्लीसारख्या भागात अजून नांदते आहे. येथे प्रत्येक पदार्थाची पेलिओच्या दृष्टीने वेगळी पारख करावी लागते. निखाऱ्यावर भाजलेले शीग कबाब वरकरणी निर्दोष दिसतात. पण खिमा सळईला नीट चिकटून राहावा म्हणून त्यात भाजलेल्या चण्याचे पीठ घालण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. तंदुरी कोंबडी दह्यात मुरविलेली असते. शिजल्यावर दह्याचा अंश थोडाच राहतो, तेव्हा मध्यममार्गी माणूस ती स्वीकारतो. मलाई टिक्क्यात साय असते. कोरमा आणि भोपाळी रेझाला यांत दही असते. निहारीचा रस्सा गव्हाच्या पिठाने दाट करतात. पाया सूप बहुधा पिठावाचून असते. हलीम म्हणजे मांसाबरोबर गहू आणि डाळ, तेव्हा ते बाद. बिर्याणीत भात, तीही बाद. भुना गोश्त, कलेजी, कांद्यावर परतलेला खिमा हे पदार्थ साधारणतः नियमात बसतात. त्यांबरोबर रुमाली रोटी न मागता कांदा, काकडी, मुळा आणि लिंबू मागावे, म्हणजे जेवण पूर्ण होते.

मासे खाणाऱ्यांसाठी भोपाळ अगदीच परके नाही. अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाशी जोडलेला तेथील मोठा तलाव प्रसिद्ध आहे. त्याला आणि शेजारच्या छोट्या तलावाला मिळून २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. वसईच्या वा मालवणच्या माणसाला पापलेट-सुरमईची आठवण होईल. परंतु रोहू, कटला ही गोड्या पाण्यातील मासळी ताजी असली म्हणजे तीही उत्तम लागते. तळताना वर बेसनाचे आवरण असते, ते नको म्हणून सांगावे आणि केवळ हळद-मिरची लावून भाजून मागावी. हिवाळ्यात हातगाड्यांवर उकडलेले शिंगाडे आणि निखाऱ्यावर भाजलेली रताळी विकावयास येतात. तळ्यात वाढणारा शिंगाडा आणि जमिनीखालचे रताळे यांच्याइतके पेलिओच्या मूळ कल्पनेशी जुळणारे आणि तरीही स्वस्त असे खाणे शहरात दुसरे क्वचितच सापडेल. मोठ्या हॉटेलातील विशेष पदार्थांसाठी पैसे मोजण्यापूर्वी प्रवाशाने या गाडीकडे एकवार पाहावे.

येथवरचा भाग पैशांनी आणि थोड्या चौकशीने सुटणारा आहे. न सुटणारा प्रश्न आप्तांच्या घरी उभा राहतो. अशोका गार्डनमधील मावशीने भाचा येणार म्हणून आदल्या दिवशी पुरणासाठी डाळ निवडून ठेवली असेल, आणि भाच्याने पानावर बसताच धान्य-डाळ-दूध वर्ज्य असल्याचे सांगितले, तर त्या माउलीने करावे काय? पानात वाढलेले नाकारणे हे आपल्याकडे केवळ पदार्थ नाकारणे नसते. म्हणून जे सांगावयाचे ते निघण्यापूर्वी, पत्राने वा फोनवर सांगावे. आणि काय चालत नाही यापेक्षा काय चालते ते सांगावे. “मावशी, मला वांग्याचे भरीत आणि अंड्यांचा रस्सा कर,” असे म्हटले तर तिला काम मिळते. नुसते “मला काही नको” म्हटले तर तिला दुःख मिळते. वैद्याच्या आज्ञेने पथ्य असेल, तर ते न संकोचता स्पष्ट सांगावे. कारण मधुमेही पाहुण्याला आग्रह करून जिलेबी खाऊ घालणे हा पाहुणचार नव्हे. पण पथ्य केवळ हौसेचे असेल, तर अर्धी पुरणपोळी खाऊन मावशीचे मन राखणाऱ्याचे आरोग्य त्यामुळे बिघडत नाही.

शुद्ध शाकाहारी माणसाचा प्रश्न आणखी बिकट आहे. मांस, मासे, अंडी त्याला चालत नाहीत. आणि डाळ, दूध, धान्य पेलिओला चालत नाही. मग शरीराच्या बांधणीला लागणारी प्रथिने यावीत कोठून? बदाम आणि अक्रोड यांनी ही तूट भरून निघणे कठीण, आणि खर्चही मोठा. आपल्या पूर्वजांनी भाताला वरणाची जोड दिली, ती निव्वळ चवीसाठी नव्हे. धान्यात लायसिन या घटकाची उणीव असते, ती डाळ भरून काढते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्य पुरविते. म्हणजे वरणभात ही एक चांगली जमलेली जोडी आहे. ती मोडावयाची, तर तिच्या जागी तितकेच समर्थ दुसरे काही हवे. अंडीही न खाणाऱ्या शाकाहाऱ्याने संपूर्ण पेलिओच्या वाटेस न जाता साखर, मैदा आणि तळण एवढेच सोडावे, हे शहाणपणाचे.

भोपाळला आलेल्या अशा प्रवाशाला आपल्या आहाराच्या मूळ कल्पनेची शहानिशा करण्याची एक दुर्मिळ संधीही लाभते. भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरांवर, रातापाणीच्या रानालगत भीमबेटकाच्या डोंगरी गुहा आहेत. १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकर यांनी त्या उजेडात आणल्या. नीमच येथे जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेले वाकणकर आगगाडीतून जात असता त्यांना दूरवर विलक्षण आकाराचे खडक दिसले, आणि त्यांचा शोध घेण्यासाठी ते पायी तेथे जाऊन पोहोचले. सातशेंहून अधिक शैलाश्रय तेथे असून त्यांतील चारशेंहून अधिकांत चित्रे आहेत. १९७० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनीही तेथे उत्खनन केले. लाखाहून अधिक वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडींपासून पुढच्या काळापर्यंत माणसाच्या वस्तीचे थर तेथे सापडले. २००३ साली भीमबेटकाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्याच टापूत, नर्मदेच्या काठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना अतिप्राचीन मानवी कवटीचा अश्मीभूत भाग मिळाला होता. अश्मयुगीन माणसाच्या नावाने चाललेल्या आहाराविषयी बोलावयास याहून योग्य ठिकाण भारतात शोधूनही मिळणार नाही.

त्या भिंतींवर हरणांचे कळप आहेत, गवे आहेत, भाले घेतलेले शिकारी आहेत, आणि पोळ्यातील मध काढणारी माणसेही आहेत. ही चित्रे बहुतांशी पुराश्मयुगानंतरची मानली जातात. परंतु शेतीवाचून जगणाऱ्या माणसाचे जग त्यांत स्पष्ट दिसते. हा माणूस काही ठरावीक तक्त्याप्रमाणे जेवीत नव्हता. रानाने जे दिले, ऋतूने जे पिकविले, ते त्याने खाल्ले. विंध्याच्या रानात बोर, आवळा, तेंदू, चारोळी, मोह ही झाडे आहेत; ध्रुवाजवळच्या माणसाला सीलसारख्या प्राण्यांखेरीज फारसे काही मिळत नव्हते. म्हणजे अश्मयुगाचा एकच एक आहार कधी नव्हताच. जितकी राने, तितके आहार.

शिवाय त्या माणसाने गवताचे दाणे तोंडात घातलेच नाहीत, ही समजूतही आता टिकत नाही. इराकमधील शानिदार गुहेत सापडलेल्या निअँडरथल माणसाच्या दातांवरील किटणात शिजविलेल्या तृणबीजांचे आणि शेंगवर्गीय बियांचे कण आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. इटलीत सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या वाटण्याच्या दगडावर वनस्पतींचे पीठ चिकटलेले मिळाले. जॉर्डनमध्ये १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे निघाले. तेथे शेती सुरू होण्यास त्यानंतर सुमारे चार हजार वर्षे अवकाश होता. शरीर बदललेच नाही, हे म्हणणेही पुरते खरे नव्हे. पिष्टमय अन्न पचविणारे जे द्रव्य लाळेत असते, त्याच्या जनुकाच्या प्रती पिष्टमय आहारावर वाढलेल्या समाजांत अधिक आढळतात. मोठेपणी दूध पचविण्याची शक्ती तर पशुपालनानंतरच काही समाजांत पसरली. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर आजच्या पेलिओ ताटातील टोमॅटो, मिरची, पेरू, पपई, सीताफळ ही सारी अमेरिकेतून आलेली. अश्मयुगीन भारतीयाने त्यांतील एकही पाहिले नव्हते. त्याच्या वाट्याला रानकोंबडा होता. आज पिंजऱ्यात पोसलेली कोंबडी मिळते.

मग हा आहार निरर्थक म्हणावा काय? तसे नाही. इतिहास कच्चा असला, तरी सल्ल्यातील काही भाग पक्का असू शकतो. स्वीडनमधील स्टाफान लिंडेबेर्ग यांनी २००७ साली हृदयविकार आणि रक्तशर्करेचा दोष असलेल्या २९ पुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा आठवड्यांत पेलिओ आहार घेणाऱ्यांची साखर पेलण्याची शक्ती, भूमध्यसागरी धर्तीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. हा प्रयोग लहान आणि अल्प मुदतीचा होता, हे मात्र विसरू नये. याच लिंडेबेर्ग यांनी पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील लोकांचा अभ्यास केला होता. ते लोक मुख्यतः कंद, फळे, नारळ आणि मासे यांवर जगत, त्यांच्या आहारात पिष्ट भरपूर होते, आणि तरीही हृदयविकार त्यांच्यात जवळजवळ दिसत नव्हता. साखर, मैदा, तळण आणि कारखान्याचे खाद्य यांना फाटा देऊन भाजी, फळे व सकस प्रथिने वाढविली, की प्रकृती सुधारते, एवढे या साऱ्यातून निश्चित निघते. त्यासाठी ज्वारीची भाकरी आणि मुगाची डाळ यांना गुन्हेगार ठरविण्याची आवश्यकता सिद्ध झालेली नाही.

हा प्रश्न आपल्या देशात क्षुल्लक नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख माणसे मधुमेहाने ग्रस्त आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारसूत्रे दिली, त्यांत धान्यापासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, असे सुचविले आहे. म्हणजे आपल्या ताटातील भाताचा डोंगर कमी करावयाचा, डाळ, भाजी, फळे वाढवावयाची. धान्य हद्दपार करावयाचे नाही. डाळ-तांदळाची शिधापत्रिका हाच ज्यांचा आधार आहे, त्यांना मांस आणि बदाम यांवर राहण्याचा उपदेश करणे तर निव्वळ निर्दयपणाचे ठरेल.

आणि एक इशारा प्रत्येक मधुमेही प्रवाशाने गाठीशी बांधून ठेवावा. इन्शुलिन टोचून घेणाऱ्याने, किंवा रक्तातील साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने, औषधाचे प्रमाण तेच ठेवून भात-पोळी एकाएकी बंद केली, तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम सुटणे, हातपाय कापणे, भोवळ येणे, प्रसंगी शुद्ध हरपणे, हे परगावी, अनोळखी माणसांत घडले तर जिवावर बेतावयाचे. म्हणून हा आहार आधी घरी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू करावा आणि मगच प्रवासात न्यावा. खिशात ग्लुकोज वा साखरेच्या दोनचार वड्या असू द्याव्यात. मूत्रपिंडाच्या रोग्याने मांसाचे प्रमाण स्वतःच्या मताने वाढवू नये. दूध सोडणाऱ्याने तीळ, हिरव्या पालेभाज्या आणि काट्यासकट खाता येणारी लहान मासळी यांतून कॅल्शियमची भरपाई करावी.

सारांश, भोपाळात पेलिओ आहार पाळणे अशक्य नाही. फार कठीणही नाही. न्याहारीला अंडी व फळ, दुपारी भरीत-भाजी, संध्याकाळी शिंगाडा वा रताळे, रात्री भाजलेले मांस वा मासळी, आणि खिशात बदाम : एवढ्यावर चार दिवस उत्तम जातात. जिन्नस विचारावेत, नाव विचारू नये. यजमानाला आधी कळवावे. रोग असेल तर पथ्य कडक पाळावे, हौस असेल तर सैल पाळावे. भीमबेटकाच्या भिंतीवरील शिकाऱ्याने ज्या मुलखात पाऊल ठेवले, त्या मुलखाचे अन्न खाल्ले. त्याचे अनुकरण करू इच्छिणाऱ्याने त्याचा हा गुणही उचलला, तर त्याची प्रकृती राहील आणि अशोका गार्डनमधील मावशीचे मनही मोडणार नाही.